दोन बोटं लांब चिमट्यावर तुंगारेश्वर

आमच्या वटारमध्ये डोंगर म्हणजे पूर्वेला सकाळच्या वेळी दिसणारी एक निळी रेघ. केळीची वाडी शिंपताना, पानवेलींच्या मांडवातून बाहेर येताना, शाळेत जाताना ती दिसते आणि ऊन चढलं की पुसट होते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी ती रेघ पाहत होते. पाहुणे आले की आम्ही त्यांना समुद्र दाखवायला नेतो, किल्ला दाखवतो. डोंगराकडे बोट करून "तो तुंगारेश्वर" एवढंच सांगतो. तिथे कोण गेलंय असं विचारलं तर वाडीतली माणसं एकमेकांकडे बघतात.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत शाळा बंद होती आणि यांच्या कारखान्यालाही सुट्टी मिळाली. हे गोरेगावला एका कारखान्यात फिटर. मी शेजारच्या गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, रोज सायकलने जाणारी. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "सायकलने जाऊ या का? चांदीपला आत्मारामकडे मुक्काम करू, वज्रेश्वरीला जाऊ, आणि येताना डोंगरावरून उतरू." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही सायकली उलट्या करून चेनला तेल घातलं, तेव्हा मी मुलीला तिच्या आजीकडे ठेवायची तयारी केली.

यांची सायकल काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची चाकांची. माझी लेडीज, सव्वीस इंची, हिरव्या रंगाची. बरोबर एक कापडी पिशवी. तिच्यात दोघांचे कपडे, पंचा, नट आवळायचे पाने आणि हवा भरायचा पंप. वर केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, कारण वसईचा माणूस रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही.

वटार ते चांदीप

सोपाऱ्यापर्यंतचा रस्ता आमच्या अंगवळणी पडलेला. दोन्ही बाजूंना वाड्या, विहिरीवरच्या रहाटांचा आवाज, चर्चच्या अंगणात तारे आणि कंदील अजून टांगलेले. रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला गेलं की चित्र बदलतं. भातशेतांत मातीचे ढीग पडलेले होते आणि नव्या चाळींच्या विटा उघड्यावर रचून ठेवल्या होत्या. ज्या शेतात लहानपणी मी मामाबरोबर वाल खुडायला जायचे, तिथे एक इमारत उभी राहिली होती आणि तिच्या गॅलरीत कुणाची तरी चादर वाळत होती.

पेल्हारला हायवे लागला. हे पुढे, मी मागे. शिरसाड फाटा दिसू लागला असेल-नसेल, एवढ्यात मागून आलेल्या ट्रकने समोरच्या गाडीला वाट द्यायला अंग डावीकडे घेतलं. मी डांबरावरून खाली उतरले, पुढचं चाक मोरीच्या तुटक्या कठड्याला आपटलं, आणि मी गवतात जाऊन पडले. कोपर खरचटलं. तेवढंच. साडीवरची माती झटकत उठले तर हे धावत आलेले.

"लागलं का?"

"मला नाही. सायकलला लागलंय."

पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं त्याला आमच्याकडे चिमटा म्हणतात. तो चिमटाच मागे वाकला होता. चाक फ्रेमला टेकलेलं. ह्यांनी चाक गुडघ्यांत धरून ओढून पाहिलं, तर चिमट्याच्या मुळाशी बारीक चीर दिसली.

"आता याला हात लावायचा नाही," हे म्हणाले. "चालताना तुटला तर तोंडावर पडशील."

पुढचा भाग उचलून धरत आम्ही फाट्यापर्यंत गेलो. तिथे मांडवीकडे पेंढा घेऊन निघालेला एक गाडीवान थांबला. त्याने सायकल पेंढ्यावर चढवली, मलाही वर बसवलं. हे आपल्या सायकलवरून बैलांच्या चालीने मागे मागे. हायवे सोडल्याबरोबर ट्रकांचा आवाज गेला. कापणी झालेली खाचरं, मधेच हिरवेगार वालाचे पट्टे, खळ्यांवर रचलेल्या भाताच्या उडव्या, आणि उजव्या हाताला तो डोंगर. आता ती रेघ राहिली नव्हती. त्याला घळी होत्या, झाडं होती, कडे होते.

आत्माराम यांच्याच कारखान्यात आहे, दोघं एकाच पाळीत. गाडी चांदीपला त्याच्या दारात पोचली तेव्हा तो अंगणातच उभा होता. सायकल पेंढ्यावरून खाली घेताना त्याने चिमटा पाहिला आणि म्हणाला, "मधू, हा तर गेला कामातनं. पन थांब. बाबांची सायकल हाय गोठ्याच्या माळ्याव. कोन चालवत नाय ती."

माळ्यावरून धुळीने माखलेली एक जुनी सायकल खाली आली. टायर कुजलेले, रिम गंजलेली, पण चिमटा खणखणीत. ह्यांनी तो काढला आणि माझ्या चिमट्याशेजारी धरला. दोन बोटं लांब होता.

"हा अठ्ठावीस इंची चाकाचा," हे म्हणाले. "तुझं चाक सव्वीसचं. पण बसेल."

बसला. वरची नळी जरा उंच होती, तिथे वायसर भरले. ब्रेकचे दांडे नट सैल करून खाली सरकवले, म्हणजे ब्रेकचे रबर लहान रिमला लागू लागले. चाकाच्या वर पूर्वी बोट शिरत नसे, तिथे आता मूठ जाईल एवढी फट राहिली. अंधार पडायच्या आत काम झालं म्हणून दोघं खूश होते.

मी अंगणात एक फेरी मारली. सायकल माझी होती आणि नव्हती. हँडल वर आलेलं, सीट मागे कललेली, जणू आरामखुर्चीत बसून पाय मारतेय. वळताना हँडल थोडं फिरवलं की पुढे आपोआप आणखी वळायचं. ते मला परत ओढून आणावं लागायचं.

"हँडल एका बाजूला पडतंय," मी म्हणाले.

"नवीन आहे म्हणून तसं वाटतंय," हे हात धूत म्हणाले. "उद्यापर्यंत सवय होईल."

आत्मारामची बायको चंद्रा ओट्यावर उभी राहून बघत होती. "ताई, तुमच्याकडं बायका अशा सायकलीव बाजारात जातात?"

"बाजारात, शाळेत, चर्चला, सगळीकडे."

"आनि कोन काय बोलत नाय?"

"बोलायचे. आता कंटाळले."

ती मोठ्याने हसली. जेवायला तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सुकटीची चटणी होती. आमच्या घरी वालात नारळ पडल्याशिवाय भांडं खाली उतरत नाही. इथे नारळ नव्हताच, लसूण आणि मिरची होती, आणि वालाची खरी चव मला त्या दिवशी कळली. सुकेळी पाहून चंद्राने ती हुंगली, एक तोंडात टाकली आणि बाकीची मडक्यात ठेवून वर झाकण ठेवलं. "याचा हिशेब माझ्याकडं," ती आत्मारामला म्हणाली.

वज्रेश्वरी

सकाळी धुकं होतं. उसगावपर्यंतचा सपाट रस्ता मी गुणगुणत पार केला. खरं सांगायचं तर सपाटीवर, थोडा वेग घेतला की, सायकल पूर्वीपेक्षा शहाण्यासारखी चालायची. हँडल हलकेच धरलं तरी सरळ जायची, रस्त्यावरचे दगडगोटे तिला जाणवायचेच नाहीत. मला वाटलं, यांचंच खरं, सवय होतेय.

मग चढ लागला. मोठा नव्हता. वटारमध्ये पुलाचा चढ सोडला तर चढ माहीत नसलेल्या बाईला मात्र तो पुरेसा होता. वेग कमी झाला तशी पुढची बाजू हलकी झाली. प्रत्येक पॅडलला चाक जरा उचलल्यासारखं व्हायचं, आणि टेकायचं ते डावीकडे किंवा उजवीकडे तोंड करून. मी नागमोडी जाऊ लागले. समोरून एस.टी. आली तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध होते. घाईने हँडल वळवलं, ते हवं त्याहून जास्त वळलं, आणि मी पुन्हा गवतात. या वेळी उतरून उभी राहिले एवढंच.

हे वरून ओरडले, "काय झालं?"

"चढावर ही माझं ऐकत नाही."

"दे इकडे." त्यांनी आपली सायकल झाडाला टेकवली, माझी घेतली, पॅडलवर उभे राहिले आणि झपझप चढ चढून गेले. परत येऊन म्हणाले, "काही नाही गं. व्यवस्थित चालतेय. तुझ्या मनात कालचं पडणं बसलंय."

"तुम्ही उभे राहून चढवलीत. सगळं वजन पुढे टाकलंत. मी साडी नेसून उभी राहू का पॅडलवर? बसून चढवा, हळू."

"आता इथे सर्कस करायची का?" ते हसत म्हणाले आणि निघाले.

मी उरलेला चढ सायकल ढकलत गेले. त्यांना राग नव्हता आणि मलाही भांडायचं नव्हतं. पण रोज ज्या सायकलवरून मी डोळे मिटून जाते, तिच्याबद्दल मी सांगतेय आणि माणूस मनाचे खेळ म्हणतो, याचं मला वाईट वाटलं. ढकलता ढकलता मी त्या सायकलकडे नीट बघत होते, आणि जे बघितलं ते वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

हँडलची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. तिची रेघ मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत ओढली तर ती चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागून ओढलं जातं, आणि म्हणून सायकल सरळ राहते. चिमटा लांब केला की पुढचा भाग वर जातो, नळी आणखी मागे कलते आणि ती रेघ आणखी पुढे सरकते. वेगात असताना त्याने सायकल जास्त सरळ चालते. पण हळू असताना हँडल जरा वळलं की पुढचा भाग किंचित खाली बसतो, आणि चाक वळलेल्या बाजूलाच पडत जातं. त्यातच सीट मागे झुकते, बसणाऱ्याचं वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं. चढावर रस्ता स्वतःच मागे झुकलेला असतो, म्हणजे हे सगळं दुप्पट. चिमटा आखूड झाला तर याच्या उलट व्हायला हवं. सायकल पुढे झुकेल, बोटाने वळेल, पण उतारावर बिचकेल. हे मी कुठे वाचलं नव्हतं. पुढचं चाक सारखं डोळ्यांसमोर होतं म्हणून दिसलं.

वज्रेश्वरीचं देऊळ टेकडीवर किल्ल्यासारखं बांधलेलं आहे. पायऱ्या चढून दर्शन घेतलं, आणि तसेच अकलोलीच्या कुंडांवर गेलो. गरम पाण्याला गंधकाचा वास असतो असं ऐकलं होतं. तो वास उकडलेल्या अंड्यासारखा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं तेवढंच कौतुक. इथे जमिनीतून वाफा येत होत्या. बायकांच्या कुंडात पाय सोडून बसले तेव्हा कोपराची जखम चुरचुरली आणि मग ठणका गेला. शेजारी एक म्हातारी बसली होती, वाडा गावाहून आलेली. "सायकलीनं आलीस? मग गुडघे बुडव, कोपर नंतर," असं तिने मला बजावलं. बाहेर येऊन गरम भजी खाल्ली, आणि दुपारी चांदीपला परतलो.

हे जेवून झोपले. मी आत्मारामकडे पाना मागितला.

"काय करता, वहिनी?"

"सीट पुढे घ्यायचीय. आणि तिचं नाक खाली करायचंय."

त्याने नट सैल करून दिला. सीट जाईल तेवढी पुढे सारली. हँडल नळीत खाली ठोकून बसवलं. वायसर होते म्हणून ते पूर्ण खाली जाईना, तरी अंगठाभर उतरलं. अंगणाच्या कडेला गोठ्याकडे चढ आहे. तिथे बसल्या बसल्या चढवून पाहिली. पूर्वीपेक्षा बरी, पण अजून भटकत होती. चंद्रा म्हणाली, "पुढं वजन नाय ना. पानी भरताना एकच हंडा घेतला तर मी अशीच कलते." तिने कपड्यांची पिशवी आणून हँडलला बांधली. मी परत चढवली. या वेळी सरळ गेली.

"आता मी बसू का एकदा?" चंद्रा म्हणाली.

आत्मारामने सायकल मागून धरली, मी हँडल धरलं, आणि चंद्रा पदर खोचून अंगणभर फिरली. दुसऱ्या फेरीला तिने मला हँडल सोडायला लावलं.

पारोळवरून डोंगर

तिसऱ्या दिवशी आत्माराम पारोळपर्यंत सोबत आला. तिथून डोंगरावर जाणारी लाकडं वाहायची वाट त्याने दाखवली. "वर देऊळ हाय. देवळापासनं खाली सातिवली. वाट मोडू नका," असं सांगून तो वळला.

बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, तांबडी माती, सागाची मोठाली वाळलेली पानं. चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. जिथे फारच खडं होतं तिथे दोघंही ढकलत होतो. पण जिथे बसून जाता येत होतं तिथे मी बसून गेले, हँडलला पिशवी बांधलेली, अंग पुढे झुकवून. एका वळणावर हे मागे राहिले. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "बघ. झाली ना सवय?"

"सीट पुढे घेतलीय. हँडल खाली केलंय. आणि पिशवी काय उगाच बांधलीय का?"

त्यांनी सीटकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

देवळापाशी ओढा वाहत होता. थंड पाणी प्यालो, चंद्राने बांधून दिलेली भाकरी खाल्ली. माथ्यावरून पश्चिमेला झाडांच्या वर आमची बाजू दिसत होती. मिठागरांचे चौकोन, खाडी, नारळीची काळी पट्टी, आणि तिच्यापलीकडे समुद्र. वटार कुठे असेल ते आम्ही बराच वेळ शोधत होतो. रोज इकडे बघणारी मी, आज इथून तिकडे बघत होते. आमच्या इतक्या वाड्या, इतक्या विहिरी, इतके चर्चचे मनोरे, आणि इथून सगळं मिळून हिरव्या रंगाचा एक फराटा.

निघताना ह्यांनी माझ्या हँडलची पिशवी सोडली आणि आपल्या हँडलला अडकवली.

"राहू दे ना माझ्याकडेच," मी म्हणाले. "उतारावर ही सायकल चांगली धरते."

"उतारावर तुला ओझं नको. मी पुढे जातो, तू ब्रेक धरून हळू ये."

माझ्या काळजीनेच करत होते, म्हणून मी पिशवी जाऊ दिली.

सातिवलीच्या बाजूची वाट रुंद होती, पण ओढ्याने आणलेल्या गोट्यांनी भरलेली. ओढा पुन्हा पुन्हा वाट ओलांडतो. ह्यांची सायकल गोट्यांवरून उड्या मारत होती आणि बंदांवर लोंबकळणारी पिशवी इकडून तिकडे हेलकावे खात होती. प्रत्येक हेलकाव्याबरोबर हँडल ओढलं जात होतं. मी मागून ओरडले, "पिशवी बांधा!" त्यांना ऐकू गेलं नसावं. पुढच्या गोट्यावर पिशवी आत गेली, आऱ्यांत अडकली, चाक जागच्या जागी थांबलं. हे हँडलवरून पुढे गेले आणि उजव्या खांद्यावर पडले.

मी पोचले तेव्हा ते उठून बसले होते. चेहरा पांढरा. उजवा खांदा खाली आलेला, आणि गळ्याजवळच्या हाडाचं टोक कातडीखाली वर उचललेलं. हात लावू देईनात.

"मोडलंय," ते म्हणाले.

पिशवी फाडून पंचा काढला, हात पोटाशी धरून गळ्यात बांधला. ते दात आवळून होते. अंगाला घाम सुटला होता, आणि दोन पावलं टाकली की डोळ्यांसमोर अंधारी येतेय म्हणत होते. त्यांच्या सायकलचे आरे तुटलेले, हँडल आडवं फिरलेलं.

देवळापाशी नारळ विकणारी एक बाई रिकामी टोपली घेऊन खाली चालली होती. सातिवलीची. तिने ह्यांना पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"खाली गाडी मिळेल का?" मी विचारलं.

"हायवेव मिळंल. चालत गेलीस तर उन्हं उतरतील. मी बसतंय यांच्यापाशी. तू सायकलीव जा बाय."

"नको," हे म्हणाले. "त्या चिमट्यावर तू या दगडांतून जाणार? चालत जा. मी थांबतो."

"पाणी पीत राहा," मी म्हणाले, आणि बसले.

त्या उतरणीचं वर्णन करायला मला फारसं जमणार नाही, कारण मी वाटेशिवाय काही पाहिलं नाही. भीती वाटत होती. पहिल्या ओढ्यापर्यंत मी दोन्ही ब्रेक आवळून, हळूहळू उतरत होते, आणि सायकल तशीच वागत होती जशी अंगणात वागली होती. हँडल पडत होतं, मी ते सावरत होते. मग एका लांब तुकड्यावर मी मागचाच ब्रेक ठेवला आणि तिला थोडं जाऊ दिलं. आणि ती सरळ झाली. गोटा आला की पुढचं चाक त्याच्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायचं. वजन मागे असल्यामुळे पुढे फेकली जाईन असं वाटेना. पॅडलही थोडे उंच झालेले, दगडांना लागत नव्हते. मी हँडल आवळून धरायचं सोडलं, नुसतं हाताखाली ठेवलं. वळणं मात्र आधीपासून घ्यावी लागत होती. एक वळण मी उशिरा घेतलं आणि करवंदीच्या जाळीत शिरले. हात ओरबाडले. मागे ढकलून बाहेर काढली आणि पुन्हा निघाले.

झाडी विरळ झाली, गुरं दिसली, मग सातिवलीची घरं, मग हायवेची घरघर.

दोन ट्रक थांबले नाहीत. तिसरा टेम्पो होता, गवताने भरलेला. ड्रायव्हरने माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं. "ताई, एक्सिडेंट झाला काय?"

"मिस्टर वर पडलेत. हाड मोडलंय. देवळाच्या वाटेवर."

"तिकडे टेम्पो नाय चढणार. पत्थर आहेत सगळे."

"खालून पहिल्या ओढ्यापर्यंत चढेल. मी आत्ताच आलेय तिथून, पुढे राहून वाट दाखवते."

त्याने एकदा सायकलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चला," म्हणाला.

टेम्पो ओढ्यापाशी थांबला. तिथून ड्रायव्हर आणि मी चालत वर गेलो. नारळवाली बाई ह्यांना आपल्या पदराने वारा घालत होती. मी आणि त्या बाईने दोन बाजूंनी सावरत, थांबत थांबत, ह्यांना खाली आणलं. त्यांची सायकल ड्रायव्हरने खांद्यावर घेतली. दोन्ही सायकली टेम्पोत चढवून गवताच्या भाऱ्यांवर ह्यांना आडवं केलं. नारळवाली बाई टोपली घेऊन शेजारी चढली आणि सातिवलीला उतरली. मी तिला नाव विचारायला विसरले, याची मला अजून रुखरुख आहे.

सोपाऱ्याच्या डॉक्टरांनी गळ्याजवळचं हाड जुळवून पट्टा बांधला. "हे टोक कातडीबाहेर आलं असतं तर काम वाढलं असतं. बरं केलंत, लवकर आणलंत," एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

वटार

प्रवास इथे संपला असं मी शेजारणींना सांगत होते. पण एक छोटा प्रवास राहिलाच होता.

काही आठवड्यांनी ह्यांना पट्टा सोडवायला सोपाऱ्याला डॉक्टरांकडे जायचं होतं. सकाळची एस.टी. चुकली. यांची सायकल अजून दुरुस्तीला. मी माझी बाहेर काढली. चांदीपचा चिमटा तसाच होता. नवा घ्यायला कुणाला वेळच झाला नव्हता.

"बसा मागे," मी म्हणाले.

"गावातून? तुझ्या मागे?"

"मग चालत जा."

बसले. एक हात पट्ट्यात, दुसऱ्याने सीट धरलेली. ओट्यांवरच्या माणसांनी माना वळवल्या. एका आजीने तर चष्मा डोळ्यांवर चढवला. मी पॅडल मारलं आणि सायकल डावीकडे गेली, मग उजवीकडे. मागे एवढं वजन आल्यावर पुढचं चाक जमिनीला नुसतं शिवत होतं.

"सरळ धर ना," हे म्हणाले.

"धरलंय."

आणखी थोडं अंतर गेलो. आम्ही पुन्हा वाडीच्या कुंपणाकडे निघालो, मी ओढून परत आणली.

"अगं, ही पुढून उचलतेय."

"हो."

"आणि हँडल पडतंय."

"हो."

"चढावर असंच होत होतं तुला? उसगावला?"

"चांदीपच्या अंगणापासून होत होतं. सांगत तर होते."

ते कॅरिअरवरून जमेल तेवढे पुढे सरकले आणि चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवून पुढे झुकले. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

"आता?"

"आता बरी आहे. हलू नका."

सायकलने वेग धरला आणि सरळ झाली. पुलाचा चढ दिसू लागला तसे मी काही म्हणायच्या आत ते खाली उतरले आणि माझ्या बाजूने चालू लागले.